विहीणबाईंचं कमळ

अल ऐन,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मंजुषाताई,
सप्रेम नमस्कार.

हातात फोन असताना ही बाई कागदावर लिहून त्याचा फोटो का पाठवते, असं तुम्हाला वाटेल. देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आम्हा बोर्डिंगच्या मुलींना दर रविवारी जेवणानंतर पत्रं लिहायला बसवायच्या. घरी कळवण्यासारखं काही नसलं तरी पानाची एक बाजू भरल्याशिवाय उठू देत नसत. ती सवय राहिली. शिवाय फोनवर आपण दोघी 'कशा आहात', 'बरी आहे' याच्या पुढे कधी गेलोच नाही. माझ्या आभाचं आणि तुमच्या निनादचं लग्न होऊन दहा वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना मला अजून पदर सारखा करावासा वाटतो.

इथला उन्हाळा आता उतरला. पहाटे मागच्या अंगणात बसता येतं. तिथे भिंतीलगत माझी कमळाची टाकी आहे. आमचे घरमालक हम्माद यांना आधी डासांची धास्ती होती. मग त्यांनीच खजुरांच्या बागेतल्या पाटामधून चिमुकले मासे आणून टाकीत सोडले. आता त्यांच्याकडे पाहुणे आले की माझं कमळ स्वतःचं असल्यासारखं दाखवायला आणतात.

तुमच्या तळ्यात गुणवंतरावांनी लावलेलं कमळ कसं आहे? ते गेल्यावर तुम्ही एकटीने ते सांभाळलंत, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. पण गेल्या फेब्रुवारीत तुम्ही बर्फावर पडलात, तेव्हापासून हिवाळा जवळ आला की काळजी वाटते. इथली थंडी म्हणजे एक शाल. आमची मागची खोली रिकामीच असते. निनाद, आभा आणि रेयांश अबू धाबीत, गाडीने दीड तासावर. दर शुक्रवारी नातू दिसेल. सहज सुचलं म्हणून लिहिलं.

तुमची,
लतिका


ग्वेल्फ, कॅनडा,
१७ ऑक्टोबर

लतिकाताई,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. अक्षर तुमचं, पण शेवटचा परिच्छेद निनादचा. 'सहज सुचलं' हे त्याचं लहानपणापासूनचं. असंच सहज सुचवत त्याने मला एकदा कुत्रा पाळायला लावला होता. रागावले नाही. काळजी न करणाऱ्या मुलापेक्षा करणारा बरा.

पण मुलांनी तुम्हाला सगळं सांगितलंय की नाही कोण जाणे, म्हणून मीच सांगते. जुलैत ती दोघं इथे आली तेव्हा रोज जेवताना एकच विषय: घर विकून टाक, आमच्याकडे ये. एक दिवस मी चिडून म्हटलं, बाबांचं कमळ पुढच्या वर्षी उगवलं तर मी इथेच राहणार, आणि तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही उगवलं तर घर विकून येईन. निनादने हात पुढे केला, मी त्यावर टाळी दिली. आता शब्द तो शब्द.

कमळ आहे एका मोठ्या काळ्या कुंडीत. उन्हाळाभर ती तळ्याच्या उथळ कडेला असते. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली की हे रबरी विजार घालून छातीभर पाण्यात उतरायचे आणि कुंडी मधल्या खोल जागी सोडायचे. मग वर बर्फाचा थर. जिवंत झाड बर्फाखाली गाडायचं म्हणजे काय? मी बघायला जायचीच नाही, आत चहा टाकायची. ह्या मे महिन्यात शेजारच्या युसुफने कुंडी वर ओढून दिली, तर पानं उशिरा आली आणि फूल एकच. पुन्हा तसा जुगार खेळायचा धीर होत नाही. आभा म्हणते, तुमचं कमळ बारा महिने हिरवं असतं. तुम्ही काय करता?

मंजुषा


अल ऐन,
२० ऑक्टोबर

प्रिय मंजुषाताई,

कॉपी करताना सिस्टरने मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा, तसं झालं. हो, आभाच म्हणाली होती, "मम्मी, जस्ट लिही ना त्यांना, तुझं ऐकतील." पैजेचं मात्र दोघांनी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर असं पत्र मी लिहिलं नसतं. आम्हालाही कधीतरी इथून उठावं लागणार आहे. नोकरी संपली की व्हिसा संपतो, हे इथल्या प्रत्येक घराला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून कुणाला त्याच्या घरातून ऊठ म्हणणं मला जमत नाही.

आता कमळाचं. बर्फाखाली नका हो ठेवू. वाचूनच माझ्या अंगावर काटा आला. माझं कमळ कधी झोपतच नाही. जानेवारीत पानं थोडी कमी होतात, एवढंच. त्याला ऊब लागते. कुंडी घरात घ्या, जिथे सगळ्यात उबदार असेल तिथे ठेवा आणि वर बोटभर पाणी राहू द्या. कॉन्व्हेंटच्या बागेतली नाजूक रोपं सिस्टर थंडीत स्वयंपाकघराच्या चुलीपाशी आणून ठेवायच्या आणि रात्री त्यांना गुडनाईट म्हणायच्या. तुम्हीही तसंच करा. पैज तुम्हीच जिंकायला हवी. निनादला मी हे लिहिलं म्हणून सांगू नका.

लतिका


ग्वेल्फ,
९ नोव्हेंबर

लतिकाताई,

कुंडी आत आली. युसुफ आणि त्याची बायको हिबा, दोघांनी मिळून ओढली. कुंडीच्या काठावरून दोरासारखे लांब फाटे बाहेर पडून खोल पाण्याकडे गेले होते. ओढताना ते काडकन तुटले आणि पाण्यातच राहिले. मला हळहळ वाटली, पण युसुफ म्हणाला, "खलास, आंटी, सुटली." ही मंडळी सीरियाची. त्याचा 'खलास' ऐकून रेयांशची आठवण झाली, तोही जेवण नको झालं की असंच म्हणतो.

आता कुंडी तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीच्या शेजारी बसली आहे. येता-जाता मी तिच्याशी बोलते. ह्यांच्याशी बोलायचे त्यापेक्षा जास्तच. परवा पहिला बर्फ पडला. खिडकीतून गोठलेलं तळं बघितलं आणि वाटलं, बरं झालं, ह्या वर्षी त्याखाली कुणी नाही.

तुमच्या पत्रांमुळे मीही पानाची एक बाजू भरायला शिकले आहे. बघा, भरली.

मंजुषा


ग्वेल्फ,
१४ जानेवारी २०२५

लतिकाताई,

तिळगूळ घ्या, गोड बोला.

कमळाला कोंब आला. आज सकाळी कपडे धुवायला खाली गेले, तर पाण्यावर रुपयाएवढं पान. बाहेर उणे अठरा आणि माझ्या तळघरात कमळाचं पान. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. हे जाऊन ह्याच महिन्यात वर्ष झालं. ह्यांना सांगायला हवं होतं की बघा, तुमच्यापेक्षा आमच्या विहीणबाईंना जास्त कळतं.

मंजुषा


अल ऐन,
१८ जानेवारी

प्रिय मंजुषाताई,

तुमचं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे हे, म्हणजे वासुदेव, फाइलीत डोकं घालून बसलेले, ते चष्मा काढून म्हणाले, "मग निनाद हरला की." संध्याकाळी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी जी भेटेल तिला सांगत सुटले.

शुक्रवारी मुलं आली तेव्हा निनादला चिडवलं. जावईबापू, पैज हरलात, आता पार्टी. तो हसला नाही. "आई, जानेवारीत? एवढ्या लवकर?" एवढंच म्हणाला (मलाही तो आईच म्हणतो) आणि फोनमध्ये काहीतरी वाचत बसला. हरलेला माणूस दुसरं काय म्हणणार? रेयांशने मात्र तुमच्या पानाचा फोटो शाळेत नेला आहे.

लतिका


ग्वेल्फ,
४ मार्च

लतिकाताई,

कमळ गेलं.

चार पानं आली, एकाहून एक फिकट. मग पिवळी पडली. काल माती उकरून बघितली. कंद लगदा झाला होता आणि वास येत होता. तळ्याची रोपं विकणाऱ्या दुकानात गेले. तिथली बाई म्हणाली, थंडीत कमळ झोपायलाच हवं. पाण्याच्या तळाशी, बर्फाच्या खाली, गारव्यात. उबेला ठेवलं की ते वसंत आला असं समजून जागं होतं, अंगातली सगळी ताकद अंधारात पानं काढण्यात घालवतं आणि संपतं. हे कुणी सुचवलं तुम्हाला, असं तिने विचारलं. मी आभार मानून निघाले.

ह्यांना ते माहीत होतं. मी मात्र त्यांना क्रूर समजून आत चहा करत बसायची.

तुमच्याकडे इतकी वर्षं कमळ आहे. तुम्हाला हे माहीत नसेल, यावर विश्वास ठेवायचा मी खूप प्रयत्न करते आहे. तुम्ही शेवटी मुलांच्या बाजूच्या, हे मी संक्रांतीच्या गोड बोलण्यात विसरले. मी दिलेला शब्द पाळते. घर उन्हाळ्यात विकायला काढेन.

मंजुषा


अल ऐन,
५ मार्च

मंजुषाताई,

मला खरंच माहीत नव्हतं. इथे ते झोपत नाही, म्हणून ते कुठे झोपत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. याहून दुसरं काही माझ्याजवळ नाही.

लतिका


अल ऐन,
१३ एप्रिल

प्रिय मंजुषाताई,

तुमचं उत्तर नाही. फोनही तुम्ही उचलत नाही, खुशाली आभाकडूनच कळते. तरी लिहिते. पान पुरं करेपर्यंत उठणार नाही.

गेल्या आठवड्यात पूजेचं सामान घ्यायला शारजाच्या रोल्ला भागात गेले होते. दुकानात कमळगट्ट्याच्या, म्हणजे कमळाच्या बियांच्या, माळा टांगलेल्या. हात पुढे केला आणि मागे घेतला. माळेतल्या प्रत्येक बीला आरपार भोक असतं, ती उगवत नाही, एवढं मलाही कळतं. आणि तुम्हाला हवं आहे ते गुणवंतरावांच्या हातचं. ते कुठल्या दुकानात मिळणार?

काल यांची गाडी अबू धाबीजवळच्या मुसफ्फाला गॅरेजमध्ये द्यायची होती. निनादचं ऑफिस तिथेच. मी त्याला खाली बोलावलं. रस्त्याकडेच्या टपरीवरून इथला कडक दुधाचा करक चहा घेतला आणि त्याच्या गाडीत बसलो. मी सांगितलं, ही पैज मी रद्द करते आहे. कमळ तुझ्या आईच्या हातून मेलं नाही, माझ्या सल्ल्याने मेलं. त्यावर तिचं घर जाऊ शकत नाही.

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बोलायला लागला. उबेत कमळ जगणार नाही, हे त्याला जानेवारीतच कळलं होतं. वाचलं होतं त्याने. पण तुम्ही इतक्या आनंदात होतात की सांगवलं नाही. मग तो म्हणाला, "आई, मला पैज जिंकायचीच नव्हती. ती बर्फात पडली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. फोन युसुफने केला, तिने नाही. ती पडली तेव्हा मी इथे मीटिंगमध्ये कुणाच्या तरी जोकवर हसत होतो. बाबा गेले तेव्हाही मी विमानात होतो."

मी म्हटलं, "मग हे तिला सांग. घर विक, हे सांगू नकोस."

"तिला सांगता येत नाही. ती लगेच विनोद करते."

मंजुषाताई, तो रडत नव्हता, पण चहा तसाच राहिला. शेवटी म्हणाला, "खलास, आई. रद्द." मग गाडीचा एसी उगाचच वाढवला.

तो तुम्हाला फोन करेल. विनोद करू नका, एवढंच मागणं. माझ्यावरचा राग राहिला तरी चालेल. घर मात्र विकू नका.

लतिका


ग्वेल्फ,
६ जुलै

लतिकाताई,
सप्रेम नमस्कार.

आधी बातमी, मग बाकीचं.

काल हिबाची मुलं आमच्या अंगणात चेंडू शोधत होती. धाकटी ओरडली, आंटी, पाण्यात ताट आहे. जाऊन बघते तर तळ्याच्या बरोब्बर मध्ये, जिथे कुणी कधी काही लावलं नव्हतं, तिथे कमळाचं पान. आज दुसरं आलं आहे, पाण्याच्या वर उभं, अजून गुंडाळलेलं.

लक्षात आलं ना? कुंडी ओढताना ते फाटे तुटले होते. ते तळाच्या गाळात राहिले. कुंडीतलं कमळ आम्ही उबेला नेऊन मारलं आणि त्याचंच उरलेलं हिवाळाभर बर्फाखाली स्वस्थ झोपलं होतं. मी रोज खिडकीतून तळ्याकडे बघत होते आणि म्हणत होते की खाली कुणी नाही.

हिबा धावत आली. मला वाटतं मी रडत असेन, कारण तिने आधी माझ्या पायाकडे बघितलं, पडले की काय म्हणून.

तुमच्यावर मी संशय घेतला. तुमचं पाच मार्चचं चार ओळींचं पत्र मी कितीदा तरी वाचलं. खोटं बोलणारी बाई एवढं कमी लिहीत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण राग सोडवत नव्हता. राग सोडला असता तर मग कमळ कुणाच्या हातून गेलं, हा प्रश्न उरला असता. कुंडी माझ्या घरात होती. क्षमा करा.

निनादचा फोन एप्रिलमध्येच आला. मी विनोद केला नाही. फार जड गेलं. तो पुष्कळ बोलला, बाबांबद्दलही. आता मी त्याला रोज सकाळी उठल्यावर मेसेज करते. आधी 'जिवंत आहे' असं लिहायचे, ते आभाला आवडलं नाही, म्हणून आता सूर्याचं चित्र टाकते.

घर विकायला काढलं नव्हतं. सामान आवरायला घेतलं आणि दरवेळी एकाच कपाटापाशी अडायचे. ह्यांची ती रबरी विजार तिथे टांगलेली आहे.

तुमची,
मंजुषा


अल ऐन,
७ जुलै

प्रिय मंजुषाताई,

पत्र वाचलं आणि मागच्या दारी जाऊन बसले. बाहेर पंचेचाळीस अंश, तरी बसले. यांनी दार उघडून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उगवलं. कुठे, असं त्यांनी टाकीकडे बघत विचारलं.

पैज रद्द झाली हे खरं, पण रेयांशला न्यायाधीश केलं होतं. फूल नाही, नुसतं पान आहे, चालेल का, असं निनादने त्याला विचारलं. तो म्हणाला, "डॅडी, लीफ काउंट्स. आजी विन्स." निनाद इतका मोठ्याने हसला की आभा आतून बघायला आली.

लतिका


ग्वेल्फ,
१९ ऑक्टोबर

प्रिय लतिकाताई,

फूल काही आलं नाही. नऊ पानं आली, छत्र्यांसारखी, आणि आता पिवळी पडून कलली आहेत. ह्या महिन्यात कुंडी उतरवायची असते. ह्या वर्षी कुंडीच नाही. त्याची जागा त्याने आपली आपण धरली आहे. आता युसुफला बोलवायला नको, दोर नको, विजार नको. तरी विजार काढून झटकली आणि परत टांगली.

मग तळ्याकाठी उभी असताना वाटलं, एप्रिलपर्यंत ह्याला माझी काहीच गरज नाही. मी खिडकीशी बसून बर्फ बघितला काय, न बघितला काय, हे झोपणारच. मग मी कुणासाठी राखण करत बसते? घर काही कुठे जात नाही. किल्ली हिबाकडे राहील, ती नळ बघेल.

तेव्हा निनादला मेसेज केला: सहज सुचलं, डिसेंबरात यावं म्हणते. त्याने लगेच फोन केला, आणि मीच आधी सांगितलं की परतीचं तिकीट वीस एप्रिलचं काढून झालं आहे. ग्वेल्फला परतायचं आधी काढलं आणि तिकडे यायचं नंतर. त्याने तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, "वीस एप्रिल चांगली तारीख आहे, आई. मी तुला पोचवायला येतो. कमळ बघून जातो."

थोडे दिवस अबू धाबीला राहीन, पण जास्त तुमच्याकडे. तुमची मागची खोली अजून रिकामी असेल तर.

तुमची,
मंजुषा


अल ऐन,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजुषाताई,

हे शेवटचं पत्र, कारण येत्या शनिवारी तुम्ही इथेच असाल आणि एकाच घरातून पत्रं पाठवली तर यांना आपली काळजी वाटायला लागेल.

खोली लावून ठेवली आहे. पलंग खिडकीकडे घेतला, तिथून टाकी दिसते. यंदा ऑक्टोबरपासून मी टाकीतल्या कमळाला खत घालायचं थांबवलं. पानं पिवळी पडली तशी पडू दिली. ते इतकी वर्षं जागंच होतं, थोडं निजलं तर निजू दे. हम्माद रोज येऊन विचारतात, मेलं का? कॅनडाहून येणाऱ्या बाईंना आपण काय दाखवायचं? मी सांगितलं, त्यांना बघितल्याबरोबर कळेल.

आमच्या यांनी काल एक मोठा हीटर आणून तुमच्या खोलीत मांडला. म्हणाले, विहीणबाई येणार, डिसेंबरात पहाटे इथेही गारठा असतो, त्यांना ऊब हवी. बिचाऱ्यांनी वायर लावून, चालवून, हात शेकून दाखवला.

मी आज तो परत करायला लावला. तुमच्या खोलीची खिडकी सकाळी उघडून बघितली, वारा छान गार येतो.

वाट बघते.

तुमची,
लतिका